चर्चा : वनहक्क मिळाला, आता सगळं जंगल चराईला बंद करायचं का?

पांझरकाठ (धागा सुरू)
गावाला सोबत घेऊन जंगल राखणाऱ्या, साक्री तालुक्यातल्या (जि. धुळे) बारीपाड्याच्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून कुऱ्हाडबंदी-चराईबंदी पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आहे. माझं मत सरळ आहे. सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरण्याचा-राखण्याचा गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला की ग्रामसभेने सगळ्या जंगलाला पाच वर्षं चराईबंदी लावावी. गुरं सागाला तोंड लावत नाहीत, अंजन-तिवस मात्र ओरबाडतात. म्हणून मोकाट चराईच्या डोंगरावर शेवटी साग आणि घाणेरीचं (टणटणीचं) झुडूपच उरतं. जुन्या खुंटांना फुटवे येतातच. शेळी मागच्या पायांवर उभी राहून जिथवर पोचते, त्याच्या वर शेंडा जाऊ द्या. रोपं, खड्डे हा खर्च नंतरचा.

मेंढवाडा
आणि गावच्या शेळ्या कुठे जाणार? शेजारच्या पाड्याच्या जंगलात. म्हणजे एक डोंगर हिरवा, पलीकडचा बोडका. शिवाय ठेलारी मेंढपाळ तुमच्या ग्रामसभेत नसतात, पण २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये भटक्या पशुपालकांची हंगामी चराईही हक्क म्हणून धरली आहे. ठरावाने ती पुसता येत नाही.
त्यापेक्षा चार कप्पे पाडा, एका वेळी एकच बंद. हद्द नाला किंवा डोंगराची धार धरून ठरवा. चुना लावलेले दगड पहिल्या पावसात पुसले जातात आणि मग रोज भांडण.

मोहफूल
दोघंही गवत विसरलात. बंद कप्प्यातलं गवत कापलं नाही तर फेब्रुवारीत ते कमरेएवढं वाळून उभं असतं. एक ठिणगी पडली की पाच वर्षांचे फुटवे एका दुपारी जातात. म्हणून चराई बंद, पण कापणी चालू. पवन्यासारखं चांगलं गवत बी झडल्यावर कापा, कुसळी मात्र कुसळं धरायच्या आधीच. नंतर जनावर तिला हुंगतही नाही.
आणि आग लागते कुठून? बहुतेकदा मोहाखालून. मार्च-एप्रिलमध्ये फुलं वेचायला जमीन साफ हवी म्हणून पाला पेटवतात आणि वारा सुटतो. पाला खराट्याने झाडून बाजूला काढा, नाहीतर झाडाखाली जुन्या साड्या बांधा. फुलंही स्वच्छ मिळतात, माती लागलेल्या मोहाला भाव कमीच येतो.
जाळरेषेचं, म्हणजे आग अडवायला आधीच जाळून मोकळा केलेल्या पट्ट्याचं, एक सांगतो. जानेवारीत ती पहाटे, दव असताना जाळली म्हणजे काम संपलं असं नाही. सागाची पानगळ त्यानंतरही चालूच असते, रेषेवर पुन्हा पाला साचतो. मार्चमध्ये परत झाडली नाही तर आग तिच्यावरूनच पलीकडे जाते.

नियमवाला
दंड लावणार कोण, हे कुणीच बोललं नाही. १९९० च्या केंद्राच्या परिपत्रकानंतर आलेल्या संयुक्त वनव्यवस्थापनाची (वनखातं आणि गाव मिळून जंगल राखण्याची) समिती वेगळी, आणि वनहक्क नियम ४(१)(ङ) खालची ग्रामसभेची समिती वेगळी. दोन्ही एकाच गावात असल्या की गुराखी कुणालाच जुमानत नाही. ग्रामसभेला निम्मे सदस्य लागतात, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. मोळी आणणाऱ्या बायांशिवाय झालेली कुऱ्हाडबंदी महिनाभरही टिकत नाही.

तापीकाठी
कागदवर जंगल वाढस का भो? आधी राखणदाराचं बोला. कप्पे केले की हद्द वाढली, हद्द वाढली की माणसं वाढली.

पांझरकाठ
गवताचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून सुटला होता. पूर्ण बंदीचा हट्टही सोडतो. राखणीचं म्हणाल तर ती आळीपाळीने, घरटी एक माणूस, आणि कापलेल्या गवताचा वाटा राखण करणाऱ्या घरालाच. पण पहिला कप्पा घाणेरीचाच घ्या, तिथे चरायला तसंही काही नसतं, त्यामुळे विरोध कमी. फक्त घाणेरी वरून छाटू नका, जोमाने फुटते. पावसात माती ओली असताना मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंमीवर तोडायचं आणि झुडूप तिथेच उलटं ठेवायचं, मुळं वर.