सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं क्लासिक रॉक: आधी लाइव्ह अल्बम ऐकू की हिट्सचे संग्रह?

नवाश्रोता:
रॉक नुकतंच ऐकायला लागलोय. १९७० ते ७३ मधले बँड्स नीट ऐकायचेत पण सुरुवात कुठून करू तेच कळत नाहीये, हिट्सचे संग्रह घेतले तर सगळी गाजलेली गाणी एकदम मिळतात, आणि लाइव्हमध्ये एकेक गाणं वीस-वीस मिनिटं चालतं म्हणे. आणि ते 'लाइव्ह' खरंच लाइव्ह असतं का? नंतर स्टुडिओत दुरुस्त्या करतात असं वाचलं.

बेसवाला:
लाइव्हपासूनच कर. त्या काळातले बरेच बँड स्टुडिओत वेगळे आणि स्टेजवर वेगळे होते. द हू या बँडचं 'लाइव्ह ॲट लीड्स' घे, १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स युनिव्हर्सिटीच्या कँटीन हॉलमध्ये रेकॉर्ड झालेलं. मूळ एलपीवर फक्त ६ गाणी होती, त्यातलं 'माय जनरेशन' स्टुडिओत तीन-साडेतीन मिनिटांचं, इथे जवळपास पंधरा मिनिटं. ड्रम्स, बेस आणि गिटार तिघंही एकाच वेळी पुढे धावतायत आणि तरी कोणी कोणाच्या पायात येत नाही, हे संग्रहात कळणारच नाही. फक्त एडिशन बघून घे, २००१ च्या डीलक्समध्ये त्या रात्री वाजवलेलं 'टॉमी', म्हणजे त्यांचा रॉक ऑपेरा, पण आहे.

टेपकिडा:
"खरंच लाइव्ह का" ला एकच उत्तर नाही रे, अल्बमनुसार बदलतं. रोलिंग स्टोन्सचं 'गेट यर या-याज आउट' हे नोव्हेंबर १९६९ च्या अमेरिकन दौऱ्यातलं, बहुतेक मॅडिसन स्क्वेअर गार्डनचं, पण काही गाण्यांवरचा गायकाचा आवाज नंतर स्टुडिओत पुन्हा भरलाय. ग्रेटफुल डेडच्या 'युरोप ७२' वर पण गाण्याचे आवाज नंतर केलेत. याउलट डीप पर्पलचं 'मेड इन जपान', ऑगस्ट १९७२, ओसाकाला दोन रात्री आणि टोकियोच्या बुडोकान हॉलला एक, त्यात असलं काही भरलेलं नाही, इंजिनिअर मार्टिन बर्च. 'स्पेस ट्रकिन' ने एलपीची अख्खी एक बाजू खाल्लीय, मला स्वतःला तो शेवटचा भाग जरा लांबलाय असं वाटतं पण 'चाइल्ड इन टाइम' ला तोड नाही.
ऑलमन ब्रदर्सचं 'ॲट फिलमोर ईस्ट' (मार्च १९७१) तिसऱ्याच प्रकारचं. वाजवलेलं सगळं तिथलंच, पण निर्माता टॉम डाउडने काही ठिकाणी टेप कापून जोडलीय. याला मी खोटं म्हणणार नाही, आवाज बदलणं वेगळं आणि कात्री लावणं वेगळं. पूर्ण शो हवे असतील तर २०१४ चा सहा सीड्यांचा सेट आहे. त्यांचा गिटारिस्ट ड्युएन ऑलमन १९७१ च्याच ऑक्टोबरमध्ये गेला, त्यामुळे त्याची स्लाइड गिटार (तारांवर नळी सरकवून वाजवतात ती) स्टेजवर ऐकायची तर याच्याइतकं चांगलं दुसरं क्वचितच.

जुनीतबकडी:
संग्रहांना उगाच नावं ठेवू नका बरं. फक्त ते कोणी काढलेत ते बघायचं. स्टोन्सचं 'हॉट रॉक्स' डिसेंबर १९७१ मध्ये आलं तोवर बँडने स्वतःचं लेबल काढलं होतं, जुन्या गाण्यांचे हक्क त्यांचा आधीचा मॅनेजर ॲलन क्लाइन याच्या कंपनीकडे राहिले होते, म्हणजे तो हिशोब बँडचा नाहीच. बीटल्सचे लाल आणि निळा संग्रह १९७३ मध्ये आले, बँड फुटून तीन वर्षं झालेली, त्यामागेही क्लाइनच, आणि बाजारात चोरट्या संग्रहांची जाहिरात चालू होती म्हणून घाई होती. तरी निवड झकास आहे, निळा संग्रह मी आजही लावते. आणि गंमत म्हणजे 'हॉट रॉक्स' मधलं 'मिडनाइट रॅम्बलर' हे लाइव्हच आहे, 'या-याज' मधलं.

नवाश्रोता:
ओके म्हणजे आधी लीड्स, मग फिलमोर. फिलमोरमधलं 'व्हिपिंग पोस्ट' खरंच २३ मिनिटं आहे का, आत्ताच बघितलं 😅

टेपकिडा:
हो, आहे. मध्येच थांबवू नकोस, तिथे थांबलास तर मग संग्रहच बरे तुला. हेडफोन लाव.