'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू'ला मराठीत काय म्हणायचं? (जुन्या गाडीच्या विम्यातला शब्द)

रिव्हर्सगियर
मंडळी, जुन्या गाड्यांची हौस असलेल्या आमच्या गटासाठी विम्यावर एक मराठी टिपण लिहायला घेतलंय, त्यात 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू'पाशी गाडं अडलंय. अर्थ माहितीये. पॉलिसी घेतानाच कंपनी आणि मालक मिळून गाडीची एक किंमत नक्की करतात, पुढे गाडी चोरीला गेली किंवा पार चेंदामेंदा झाली तर तेवढी रक्कम मिळते, तेव्हा बसून बाजारभाव काय नि गाडी किती जुनी असली घासाघीस करायची नाही. आता याला 'संमत मूल्य', 'मान्य किंमत', 'करारमूल्य' की 'ठरलेली किंमत'? वाचणाऱ्यांत प्रीमियर पद्मिनीवाले आहेत, यामाहा आरएक्सवाले आहेत, महिंद्राच्या एमएम540 जीपवाले एकदोन आहेत, सरकारी परिपत्रकासारखं वाटलं तर दुसऱ्या ओळीला पळतील.

काना_मात्रा
'संमत मूल्य' नको हो. व्याकरणात चूक नाही पण तोंडात बसत नाही. आणि 'मूल्य' हा शब्दच मला इथे खटकतो. मराठीत भाव बाजाराचा असतो, किंमत वस्तूची असते, आणि मूल्य म्हटलं की आपण एकदम शाळेच्या मूल्यशिक्षणाच्या तासाला जाऊन बसतो. राहिलं 'मोल', तर हौसेला मोल नाही असं आपणच म्हणून ठेवलंय, विमा कंपनीला हे ऐकू जाऊ देऊ नका :) किंमत घ्या. आता तिच्या आधी काय लावायचं तेवढंच ठरवा.

पत्राकाम
ठरलेली आणि ठरवलेली यात घोळ करू नका एवढंच म्हणतो. ठरलेली म्हणजे दोन्हीकडून ठरली, लग्न ठरतं तशी. ठरवलेली म्हणजे कुणीतरी एकानेच ठरवली आणि दुसऱ्याला कळवली. आमच्या गॅरेजला जुन्या गाड्या येतात त्यांच्या पॉलिशीवर बहुतेक 'ठरवलेली'च असते. मालकाला विचारलं आयडीव्ही (पॉलिसीवर लिहिलेली गाडीची किंमत) किती तर म्हणतो जे स्क्रीनवर आलं ते ओके केलं.

रिव्हर्सगियर
वा पत्राकाम, हा फरक टिपणात जाणार. मग 'ठरलेली किंमत' फायनल करू का? 'आयडीव्ही'चा उलटा शब्द म्हणून?

सर्व्हेकाका
थांबा जरा, उलटा शब्द म्हणू नका, तिथेच सगळ्यांची गल्लत होते. मी या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आयडीव्ही म्हणजे विमेदाराने जाहीर केलेली किंमत. नाव असं की जणू तुम्हीच जाहीर केली, प्रत्यक्षात नव्या गाडीला ती कोष्टकातून येते. 2002 च्या मोटार टॅरिफमध्ये (मोटार विम्याच्या दरांची आणि नियमांची चोपडी) ते कोष्टक आहे, गाडी बनवणाऱ्या कंपनीची आजची विक्री किंमत धरायची आणि गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापायचा, सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, मग 30, 40 आणि पाचव्या वर्षाअखेर 50. त्यापुढे कोष्टक संपतं! पाच वर्षांवरची गाडी आणि जिचं उत्पादन बंद झालंय ते मॉडेल, यांची किंमत विमा कंपनी आणि विमेदार यांच्या आपसातल्या समजुतीने ठरवायची असं तिथे लिहिलंय. म्हणजे तुमची पद्मिनी (कुर्ल्याचा कारखाना 2000 च्या सुमारास थांबला), कॉन्टेसा, आरएक्स, या सगळ्यांची आयडीव्ही त्या टॅरिफप्रमाणे 'ठरलेली'च असायला हवी, कोष्टक त्यांना लागूच नाही.

दुसरी गंमत पॉलिसीच्या मजकुरात आहे. हीच आयडीव्ही टोटल लॉसच्या (गाडी पूर्ण गेल्याच्या) क्लेमसाठी पूर्ण पॉलिसी काळात बाजारभाव म्हणून धरली जाईल, आणखी घसारा न कापता, असं वाक्य आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीत असतं. मग अ‍ॅग्रीड व्हॅल्यूत आणि यात राहिलं काय? त्या एका वर्षापुरतं बघितलं तर फार थोडं. खरा फरक आकडा कसा येतो त्यात आहे. एकीकडे मूल्यांकनाचा कागद, फोटो, तपासणी, दोघांच्या सह्या. दुसरीकडे ऑनलाइन रिन्यूअलला एक रकाना, त्यात खालचा आकडा आधीच भरलेला, आणि हप्ता कमी दिसतोय म्हणून खूश झालेला मालक.

पत्राकाम
काका शंभर टक्के. हप्त्यात थोडे वाचवायचे म्हणून किंमत खाली आणतात आणि मग ठोकली की आमच्याकडे येऊन रडतात.

तिखटजाळ
पण मग चांगलंच आहे की, आयडीव्ही वाढवून घ्यायची, वेगळा शब्द हवाच कशाला? उगाच इंग्रजीत आहे म्हणून मराठीत पाहिजे असं काही नाही.

सर्व्हेकाका
हवा, कारण खरी अ‍ॅग्रीड व्हॅल्यू पॉलिसी ही त्याच टॅरिफमध्ये वेगळी गोष्ट आहे. तिथे सरळ लिहिलंय की अशी पॉलिसी व्हिंटेज गाड्यांनाच द्यायची, बाकी कुठल्या वाहनाला नाही. आणि व्हिंटेज म्हणजे 31 डिसेंबर 1940 च्या आधी बनलेली, शिवाय व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचा दाखला असलेली. 1940 नंतरची पण 1970 अखेरच्या आतली असेल तर ती 'क्लासिक', तिला हा लाभ नाही. पुढे 2007 मध्ये दर मोकळे झाले, तरी पॉलिशीची भाषा बराच काळ याच चोपडीतून आली. आता प्रत्येक कंपनी आपापलं काय काय आणते त्यामुळे तिच्याच कागदावर काय लिहिलंय ते वाचायचं, एजंट तोंडाने काय बोलला ते धरायचं नाही.

काना_मात्रा
म्हणजे आपण सर्रास ज्याला व्हिंटेज म्हणतो ते काहीच व्हिंटेज नाही? माझ्या चुलतभावाने चेतकच्या डिकीवर मोठ्ठं 'व्हिंटेज' लिहून घेतलंय 😄

रिव्हर्सगियर
त्यात भर म्हणजे आरटीओचं व्हिंटेज तिसरंच. 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी ती व्हिंटेज, तिला 'व्हीए' अक्षरांचा नंबर, नवीन नोंदणीला 20,000 रुपये आणि दहा वर्षांनी नूतनीकरणाला 5,000. पण मग ती रोज भाजी आणायला काढायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच. म्हणजे 1974 ची पद्मिनी आरटीओच्या लेखी व्हिंटेज होऊ शकते आणि त्या जुन्या टॅरिफच्या लेखी ती व्हिंटेजही नाही नि क्लासिकही नाही. नुसती जुनी. मी टिपणात 'व्हिंटेज' हा शब्द टाळणार, 'हौशी जुनी गाडी' लिहितो.

एडिसनकर
न्यू जर्सीतून लिहितोय. इकडे अशा पॉलिशा सहज मिळतात, काही कंपन्या फक्त हौशी गाड्यांचाच विमा करतात. अटी साधारण अशा की गाडी बंद गॅरेजात ठेवायची, रोजच्या वापराला घरात दुसरी गाडी हवी, वर्षाला फार मैल चालवायची नाही. माझ्याकडे जुनी बीटल आहे तिची अशीच आहे. पण सांगायचं ते वेगळंच, इकडे 'अ‍ॅग्रीड'च्या शेजारी 'स्टेटेड व्हॅल्यू' नावाचा एक प्रकार असतो आणि ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात. स्टेटेडमध्ये तुम्ही आकडा सांगता, हप्ताही त्यावर भरता, आणि क्लेमच्या वेळी कंपनी तो आकडा किंवा त्या दिवसाची घसारा धरून निघणारी किंमत यातलं जे कमी असेल ते देऊ शकते. म्हणजे तुमचा आकडा ही फक्त वरची मर्यादा. तेव्हा मराठीत 'जाहीर', 'सांगितलेली', 'नमूद' असले शब्द अ‍ॅग्रीडला अजिबात वापरू नका, ते स्टेटेडला ठेवा.

काना_मात्रा
हे फार उपयोगी. मग 'नमूद किंमत' = स्टेटेड आणि 'ठरलेली किंमत' = अ‍ॅग्रीड. 'कबूल किंमत' पण सुचली होती, पण कबूल केलं म्हटलं की गुन्हा कबूल केल्यासारखं वाटतं. 'बोलीची किंमत'सुद्धा जुन्या अर्थाने बरोबर आहे, बोली म्हणजे आधी झालेला ठराव, पण आता लोकांना आयपीएलचा लिलाव आठवेल.

गवंडीगिरी
आमच्या बांधकामात एक शब्द आहे, उक्तं. काम उक्तं दिलं की ब्रास मोजायचं नाही, दिवस मोजायचे नाहीत, जो आकडा बोलला तो द्यायचा. तुमची अ‍ॅग्रीड व्हॅल्यू म्हणजे हेच की. उक्ती किंमत. नंतर टेप लावून मोजायचं नाही.

सर्व्हेकाका
क्या बात है. 'नंतर मोजायचं नाही' हा या पॉलिसीचा प्राण आहे आणि तो बाकी एकाही शब्दात नव्हता. माझं मत 'उक्ती किंमत'ला. फक्त एक इशारा टाका, उक्तं आहे ते पूर्ण नुकसानीपुरतंच. बंपर चेपला, दिवा फुटला, तर नेहमीचाच हिशेब. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर 50 टक्के घसारा कापतात, रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरीवर तर गाडीचं वय न बघता 50. काचेवर काही नाही. झिरो डेप (पार्टवर घसारा न कापणारं जोड-कव्हर) एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही.

तिखटजाळ
बरं, 'घसारा' तरी बरोबर आहे का इथे? घासून झिजलं की घसारा. पण चांगल्या ठेवलेल्या आरएक्सचा भाव वर चाललाय, लाखाच्या पुढे मागतात लोक. झिजतंय कुठे, वधारतंय.

पत्राकाम
पार्ट झिजतात भाऊ, गाडी वधारते. दोन्ही एकदम होतं. म्हणूनच कमी आयडीव्ही जास्त महागात पडते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात. समजा पद्मिनीची आयडीव्ही 60,000 ठेवली, तर 45,000 च्या वर बिल गेलं की गाडी संपली. पुढचा भाग उघडून पत्रा नवीन घालायचा, रंग काढायचा, क्रोम करून आणायचं, एवढ्यात 45,000 कधी पार होतात कळत पण नाही. गाडी उभी आहे, इंजिन टुणटुणीत आहे, रस्त्यावर तीन लाखाला गिऱ्हाईक आहे आणि कागदावर मेली. तीन लाख आयडीव्ही असती तर सव्वादोन लाखापर्यंत दुरुस्तच केली असती. मालकाला गाडी ठेवायची असेल तर भंगाराची किंमत कापून बाकी पैसे घ्यायचे, म्हणजे 60,000 मधूनही वजा.

रिव्हर्सगियर
हे टिपणात सगळ्यात वर जाणार. कच्चा मजकूर टाकतो, बघा:

'उक्ती किंमत म्हणजे पॉलिसी घेतानाच कंपनी आणि मालक यांच्यात ठरलेली आणि पॉलिसीच्या शेड्यूलवर (तपशिलाच्या पानावर) छापलेली किंमत. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर घसारा न कापता हीच किंमत मिळते. आपल्याकडे बहुतेक जुन्या गाड्यांना अशी पॉलिसी मिळत नाही, तेव्हा आयडीव्हीच उक्त्यासारखी ठरवून घ्यावी.'

सर्व्हेकाका
चालेल. 'घसारा न कापता'च्या पुढे 'सक्तीची वजावट (दर क्लेमला मालकाने सोसायची ठरावीक रक्कम) तेवढी जाते' घाला, नाहीतर लोक तेवढ्यावरून भांडतील. आणि ठरवून घ्यावी म्हणजे कसं ते लिहा. रिन्यूअलच्या आधी, मुदत संपायच्या दिवशी नव्हे, चारी बाजूंचे, इंजिनाचे, चासी नंबरचे फोटो, कामाची बिलं, जमलं तर मूल्यांकनाचा दाखला, आणि हे सगळं ईमेलने. फोनवर ठरलेली किंमत ही ठरलेली नसते. ऑनलाइन रकान्यात हवा तो आकडा बसत नसेल तर शाखेत जा, तपासणी मागा. आकडा हवेतला मागू नका मात्र, लाखाच्या गाडीला पाच लाख कोणी लिहून देत नाही.

चौथा_किक
उशिरा आलो. हे सगळं बाइकला पण लागू का? माझी येझदी आहे, आणि भावाची आरएक्स.

सर्व्हेकाका
त्या टॅरिफमधली व्हिंटेजची व्याख्या मोटारींची आहे, दुचाकीला ती वाट तेव्हाही नव्हती. आयडीव्हीचं मात्र तेच, पाच वर्षांवर समजुतीने. भावाला आधी सांगा, आरएक्सला अपघातापेक्षा चोरीची भीती जास्त, आणि चोरीत बिल नसतं, सर्व्हे करायला गाडीच नसते, शेड्यूलवरचा आकडा घ्यायचा आणि गप्प बसायचं. नुसती थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरती पॉलिसी) काढली असेल तर तोही नाही. ती असेल तर बदलून घ्या, आणि दोन्ही चाव्या जागेवर आहेत ना बघा, क्लेमला मागतात.

चौथा_किक
एक चावी गेली दहा वर्षं कुणी पाहिलेली नाही काका. बघतो.