उतारावर पाचवरनं चौथा पडत नाही, डबल क्लच मारायचा का?

कराडकर_दहाटायर:
नमस्कार मंडळी. चार वर्षं आयशर म्हणजे लहान ट्रक चालवला, आता दोन महिने झाले दहा टायरच्या मोठ्या ट्रकवर आलोय, नऊ गिअरची गाडी, साखर भरून न्हावाशेवा. 360 पोती म्हणजे 18 टन माल. चढाला काही वाटत नाही. पण परवा खंबाटकीचा बोगदा संपला आणि पुढं एस वळण, पाचवरनं चौथा टाकायला गेलो तर खर्रर्र करून लिव्हर बाहेरच फेकला, परत टाकला परत तेच, गाडी न्यूट्रलमध्ये आणि वेग वाढतोय. ब्रेकवरच कशीबशी आवरली. खाली येईपर्यंत केबिनमध्ये ब्रेक लायनर जळाल्याचा वास आणि ब्रेकच्या हवेचा काटा 8 वरनं साडेपाचवर. रात्री झोप लागली नाही. जुने ड्रायव्हर म्हणतात डबल क्लच मार, म्हणजे एका गिअरला क्लच दोनदा दाब, दुसरे म्हणतात आता सिंक्रोच्या गाड्या, आतली रिंगच गिअरचा वेग जुळवते, गरज नाही. खरं काय?

जुना_स्टेअरिंग:
भावा, जीव वाचला हे मोठं. पण चूक वळणावर झाली नाही, बोगद्यात झाली. उतार लागायच्या आधी गिअर पडलेला पाहिजे. उतारावर लिव्हर न्यूट्रलला आला की तेवढा वेळ इंजिनचा धाक संपला, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी आवरणारा) पण संपला, मागनं 18 टन ढकलतोय. आमच्या वेळी सांगायचे ज्या गिअरनं घाट चढतो त्याच गिअरनं उतरायचा, पण आताच्या इंजिनांना ताकद जास्त, ती वरच्याच गिअरला चढून जातात, म्हणून एक गिअर आणखी खाली धर.
आणि पाच ते चार हा साधा बदल नाही, तिथं वरच्या गिअरांचा गट (हाय) सुटून खालच्यांचा गट (लो) लागतो आणि ते काम हवेवर चालतं. वेग जास्त असला तर लो लागतच नाही. आधी ब्रेक मारून वेग उतरव, मगच लिव्हरला हात.

गिअरबॉक्सवाला:
मी बॉक्स खोलतो म्हणून सांगतो, दाबून दाबून गिअर टाकणाऱ्यांच्या गाडीत सिंक्रो रिंगचे दात टोकाला गोल झालेले असतात, मग ती गाडी कुणाच्याच हाताला नीट गिअर घेत नाही. सिंक्रो असला तरी लोडवर खाली येताना डबल क्लच मार, रिंग वाचते. क्लच दाब, न्यूट्रल, क्लच सोड, रेस दे, परत क्लच, चौथा, हळू सोड. मधे क्लच सोडून रेस द्यायची ती एवढ्यासाठीच की तेव्हा आतला शाफ्ट इंजिनसोबत फिरून वेग घेतो, क्लच दाबून कितीही रेस दिली तरी आत काही फिरत नाही. पाचव्याला 1400 आरपीएम असतील तर चौथ्याला साधारण 1900 लागतात, तेवढी रेस पाहिजे.
पण 2000 च्या वर पळत असताना खालचा टाकू नको रे बाबा, चाकंच इंजिनला ओढतात, डिझेल पंप काही करू शकत नाही, क्लचप्लेट फुटलेल्या बघितल्यात मी.

पुणे_बायपास:
एक विनंती सगळ्यांनाच, डिझेल वाचवायला न्यूट्रल मारू नका. कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल हा उतार मी रोज बघतो, नोव्हेंबर 2022 ला एका अवजड गाडीनं तिथं कितीतरी गाड्या ठोकल्या. गिअरमध्ये ठेवून रेसवरनं पाय काढला की उतारावर डिझेल जातच नाही, उलट न्यूट्रलला आयडलवर जळत राहतं. आणि इंजिन बंद केलं तर कॉम्प्रेसर थांबला, हवा कुठनं भरणार? पॉवर स्टेअरिंग पण जड.

कराडकर_दहाटायर:
दादांनो खूप आभार. कालच्या खेपेला बोगद्यात शिरतानाच वेग उतरवून डबल क्लच मारून चौथा टाकला, पहिल्यांदाच खट्ट करून बसला, आवाज नाही काही नाही. एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवून खाली आलो, ब्रेकला तीनदाच पाय लागला, काटा साडेसातच्या खाली नाही आला. मागचे हॉर्न मारत होते, मारू दिले.
बोरघाटात मात्र उतार लांब आहे, तिथं ब्रेक हलका दाबून धरायचा का?

जुना_स्टेअरिंग:
अजिबात धरून ठेवायचा नाही, ड्रम तापतात आणि ब्रेक लागेनासा होतो. आरपीएम वर गेले की एकदा चांगला दाब, वेग 8-10 नं पडू दे, पूर्ण सोड, ड्रमला हवा लागू दे. खंडाळ्यातच गिअर ठरव आणि खोपोलीपर्यंत बदलू नको.