दोन तासांच्या व्याख्यानातलं एक वाक्य शोधायचंय

दांडियाबाजारची मावशी
नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी सयाजीरावांच्या शिक्षणकार्यावर लेख लिहितेय. यूट्यूबवर एक हिंदी व्याख्यान सापडलं, दोन तासांहून मोठं. त्यात अमरेलीबद्दल फार छान सांगितलंय: १८९३ साली आधी तिथे सक्तीचं शिक्षण करून पाहिलं, मग १९०६ साली साऱ्या संस्थानात. मला वक्त्यांचे नेमके शब्द हवेत. लाल पट्टी मागेपुढे ओढून वैतागले. भाचा म्हणाला, ट्रान्सक्रिप्ट (म्हणजे व्हिडिओतल्या बोलण्याचा मशीनने केलेला लेखी मजकूर) उघड आणि कंट्रोल-एफ करून शब्द शोध. केलं. 'अमरेली' नाही, 'सक्ती' नाही. अहो, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय!

पोहेजिलबी, इंदूर
मावशी, वक्ता हिंदीत बोलतोय, तो 'सक्ती' कशाला म्हणेल? 'अनिवार्य' टाका. गावांची आणि माणसांची नावं मशीन हमखास चुकीची ऐकतं, त्यामुळे नावाच्या मागे लागू नका, त्याच्या शेजारचा साधा शब्द धरा. आणि एकच शब्द टाका. वाक्य मध्येच तुटून पुढच्या ओळीत जातं, म्हणून 'अनिवार्य शिक्षा' असं जोडीनं शोधलं तर समोर असूनही हाती लागत नाही. सालं इंग्रजी आकड्यांतही टाकून बघा. ट्रान्सक्रिप्टची पट्टी मात्र उघडी ठेवा, नाहीतर शोध खालच्या प्रतिक्रियांत फिरत बसतो. तिथे 'जय हो'शिवाय काही मिळायचं नाही.

रात्रपाळी
सापडलेल्या ओळीवर टिचकी मारली की व्हिडिओ तिथेच पोचतो. संपादकांना पाठवायचं असेल तर व्हिडिओवर राइट क्लिक करून चालू वेळेची लिंक कॉपी करा. लिंकच्या शेवटी 't=' आणि पुढे सेकंदांचा आकडा येतो. १ तास १२ मिनिटं ४० सेकंद म्हणजे ४३६०. ज्या व्हिडिओला ट्रान्सक्रिप्टच नाही, पण फाइल आपल्याकडे आहे, त्यासाठी व्हिस्पर हे फुकट मिळणारं साधन आहे. ते वेळेसकट मजकुराची फाइल करून देतं. जुन्या लॅपटॉपवर लावलंत तर मध्ये स्वयंपाक उरकून घ्या.

दांडियाबाजारची मावशी
'अनिवार्य'ने काम झालं! पाच-सहा ठिकाणी निघाला, त्यातली तिसरी ओळ माझी. अमरेलीचं तिथे 'अमर अली' झालंय, आता बोला. मग हाव सुटली आणि १९१० मध्ये ग्रंथालयांसाठी अमेरिकेहून आणलेले विल्यम बोर्डन शोधले. 'पुस्तकालय' टाकल्यावर मिळाले, पण 'बोर्ड ने' म्हणून. तेव्हा अवतरण ट्रान्सक्रिप्टवरून उचलत नाहीये, ती जागा गाठून दोनदा ऐकते आणि हाताने उतरवते. पोहेजिलबी, स्मरणिका इंदूरला पोस्टाने आली तर चालेल ना?

पोहेजिलबी, इंदूर
पळेल. सोबत भाकरवडी असली तर आणखी बरं.