स्टॉप लॉस लागल्यावर हात थांबत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात, मानपाड्याला राहते. वय ४०. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत चौदा वर्षं अकाउंट्स सांभाळले, २०२३ मध्ये सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडली आणि घरून शेअर बाजारात ऑप्शन्स (भाव वर जाईल की खाली, यावर घेतलेले मुदतीचे करार) करायला लागले. पीएफचे पाच लाख त्यात टाकले, आज सव्वादोन उरलेत. आधीच सांगते, टिप्स नकोत आणि कुठला क्लासही सुचवू नका. तीन झालेत.

सव्वानऊला बाजार उघडला की पहिली पंधरा मिनिटं मी काहीच करत नाही. पहिला ट्रेड नियमाने घेते, स्टॉप लॉस लावते, म्हणजे ठरलेल्या तोट्याला सौदा आपोआप बंद होतो. तो लागला तर दीड-दोन हजार जातात. तेवढे अधूनमधून जाणारच, हे मला मान्य आहे. पण त्यानंतरची दहा मिनिटं माझ्या ताब्यात नसतात. कानशिलं तापतात, तळहाताला घाम सुटतो आणि पुढची ऑर्डर गेलेली असते, दुप्पट लॉटची, म्हणजे दुप्पट मोठ्या सौद्याची. तीही उलटी गेली की स्टॉप लॉस खाली सरकवते, मग काढूनच टाकते, मग एव्हरेज करत बसते, म्हणजे भाव पडेल तसं आणखी घेत जाते. दीड हजाराचे चौदा हजार होतात. मंगळवारी निफ्टीच्या ऑप्शन्सची साप्ताहिक एक्स्पायरी असते, म्हणजे त्यांची मुदत संपते. त्या दिवशी दुपारनंतर प्रीमियम (ऑप्शनची किंमत) डोळ्यांदेखत विरघळत असतो, आणि मी 'आता वळेल' म्हणत धरून बसलेली असते.

गेल्या रविवारी तीन महिन्यांचे सगळे ट्रेड वहीत हाताने उतरवले. एकूण ११२. तोट्यानंतर दहा मिनिटांच्या आत घेतलेले ३४ निघाले, ते वेगळे काढले. उरलेल्या ७८ ची बेरीज, ब्रोकरेज आणि कर धरून, उणे नऊ हजार. त्या ३४ ची उणे एक लाख त्रेसष्ट हजार. दोनदा तपासली.

४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी जवळजवळ सहा टक्के पडला तेव्हाही माझे बरेच गेले होते. आदल्या दिवशी तीन टक्क्यांच्या वर चढला होता आणि मी कॉल (भाव चढला तर फायदा देणारे ऑप्शन्स) घेऊन बसले होते. पण ते घरी सांगता आलं. टीव्हीवर दिसत होतं, कितीतरी जणांचे गेले होते. हे रोजचं सांगता येत नाही, कारण यात बाजाराने काही केलेलं नाही. नवऱ्याला वाटतं, थोडं खालीवर चाललंय. मुलगा सातवीत आहे. हल्ली शाळेतून आला की दप्तर ठेवायच्या आधी विचारतो, "आई, बाजार बंद झाला का?" नाही म्हटलं तर आपलं आपण वाढून घेऊन आतल्या खोलीत जातो. याचा मला पैशांपेक्षा जास्त त्रास होतोय.

ती दहा मिनिटं तुम्ही कशी काढता? ठाण्यात असल्या गोष्टीसाठी समुपदेशकाकडे लोक जातात का? आणि नवऱ्याला हे कसं सांगू?

प्रतिसाद १

ताई, मी ऐरोलीला असतो, अकरा वर्षं फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये आहे. त्या दहा मिनिटांत स्वतःला समजावण्याच्या भानगडीत पडू नका, मला आजही जमत नाही. दार आधी बंद करून ठेवायचं. बऱ्याच ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये किल स्विच असतो. त्याने ऑप्शन्सचा सेगमेंट, म्हणजे तो विभाग, बंद केला की काही तास उघडता येत नाही. माझा दिवसातला दुसरा स्टॉप लॉस लागला की मी तो दाबतो, मग सकाळचे दहा वाजलेले असोत. दुसरं, ट्रेडिंग खात्यात दोन दिवसांच्या ठरलेल्या तोट्याएवढेच पैसे ठेवा. बाकीचे अशा बँकेत, जी त्या खात्याला जोडलेलीच नाही. दुप्पट लॉट घ्यायला मार्जिनच (सौद्यासाठी खात्यात लागणारे पैसे) नसेल तर हात काय करणार?

प्रतिसाद २

कठोर वाटेल, पण लिहितो. तुम्ही त्या ३४ ट्रेडना गुन्हेगार ठरवलंत, पण बाकीचे ७८ सुद्धा उणेच आहेत की. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास जाहीर केला, त्यात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफअँडओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. एवढी सगळी माणसं तापट नसणार. मन शांत झालं तर तुमचा तोटा कमी होईल, नफा होईलच असं नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझ्या भावाने तीन वर्षं ध्यान केलं आणि शांतपणे पैसे घालवले.

प्रतिसाद ३

समुपदेशकाकडे नक्की जा गं, कुणी हसत नाही. मी नौपाड्यातली, वेगळ्या कारणासाठी आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत जात होते. १९९० पासून ठाण्यात आहे ही संस्था. तिथे मी विवेकनिष्ठ मानसोपचार शिकले. मूळ अल्बर्ट एलिस यांचा, आपल्याकडे कि. मो. फडके यांनी मराठीतून रुजवला. मला त्यातलं सगळ्यात कामाला आलं ते 'च' पकडणं. 'पैसे परत यावेत' ही इच्छा झाली. 'आजच्या आज परत आलेच पाहिजेत' हा हट्ट, आणि तुझी दुप्पट लॉटची ऑर्डर हा हट्ट टाकतो. स्टॉप लॉस लागला की तेव्हा डोक्यात आलेलं वाक्य जसंच्या तसं वहीत लिही. 'च' दिसेल बघ. अगदीच असह्य झालं तर टेलिमानसला १४४१६ वर फोन कर, मोफत आहे, मराठीत बोलतात, दिवसरात्र चालू असतं. आणि नवऱ्याला सांगायला शब्द शोधत बसू नकोस. वही पुढे ठेव.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ७८ ट्रेडचं वाक्य वाचून आधी राग आला, मग रात्री झोप लागली नाही. ते खरं आहे. मी 'फक्त' नऊ हजार म्हणून ते सोडून दिले होते. नोकरीत कुणी असा हिशेब पुढे ठेवला असता तर मी सही केली नसती.

वाक्यं लिहून पाहिली. सोमवारी आलेलं वाक्य होतं, "तो यायच्या आत भरून काढायलाच हवं." तो म्हणजे नवरा. 'च' तिथे होता.

काल रात्री वही दाखवली. त्याने सगळी पानं उलटली, पीएफचे किती उरलेत एवढंच विचारलं आणि उपवनला फेरी मारायला गेला. तासाभराने आला. अजून धड बोलत नाहीये. आज सकाळी मी एफअँडओ सेगमेंट बंद केला आणि उरलेले पैसे आमच्या जॉइंट खात्यात वळवले. गुरुवारची समुपदेशनाची वेळ मिळाली आहे. तोटा आयकर रिटर्नमध्ये दाखवायचा आहे, वेळेत भरलं तर आठ वर्षं पुढे ओढता येतो. ते काम माझं मला येतं.

एकच राहिलंय. आज दुपारी मुलाने पुन्हा विचारलं, बाजार बंद झाला का. मी हो म्हटलं, पण घड्याळात अडीच वाजले होते आणि त्याने ते पाहिलं. बारा वर्षांच्या मुलाला यातलं किती सांगावं? कुणी घरात मुलांशी बोललं असेल तर कृपया लिहा.