कोटा नेमका कशावर?

सरकारने मासेमारीचा कोटा, म्हणजे किती मासे पकडायचे त्याची मर्यादा, ठरवून दिला की मासे आपोआप वाचतील, असा सूर या चर्चेत दोघातिघांनी लावलाय. इतकं सरळ नाही ते. कोटा बहुतेक ठिकाणी मोजला गेला तो बंदरावर उतरवलेल्या मालावर. जाळं काही जात बघून मासा पकडत नाही! कॉड आणि हॅडॉक या माशांच्या दोन जाती घ्या. कॉडचा कोटा संपलाय, हॅडॉकचा शिल्लक आहे, अशा बोटीच्या जाळ्यात दोन्ही येणारच. कॉड बंदरावर उतरवला तर कोटा मोडतो, मग खोल पाण्यातून वर ओढताना पोट फुगलेला कॉड मेल्या अवस्थेतच परत समुद्रात. कागदोपत्री हिशेब चोख.

नॉर्वेने असा कॉड-हॅडॉक फेकण्यावर १९८७ सालीच बंदी घातली. युरोपीय संघात ती यायला २०१५ उजाडलं, पूर्ण लागू व्हायला २०१९. पण भर समुद्रात बघणार कोण? बोटीवर कॅमेरे बसवायला बऱ्याच मच्छीमारांचा विरोध असतो, आणि तो मला समजू शकतो. दिवसभर कोणी डोक्यावर बसलेलं कुणाला आवडेल?

बाकी कोटा तर कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यालाही होता. समुद्रातल्या माशांच्या साठ्याचे अंदाजच फुगलेले निघाले आणि १९९२ मध्ये कॅनडाला तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली.