आधी टायर, लिफ्ट नंतर

नव्या जिम्नीला (मारुतीची छोटी फोर-बाय-फोर) दोन इंचांची लिफ्ट, म्हणजे सस्पेन्शन उंच करणारं किट, आणि एमटी (चिखलासाठीचे, मड-टेरेन) टायर एकदमच टाकावेत का, असं विचारलंत. माझं ऐका, आधी फक्त टायर बदला. जिम्नीचे दोन्ही अ‍ॅक्सल सलग आहेत, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच दांड्याने जोडलेलं. लिफ्टने बॉडी वर जाते, पण डिफरन्शियल, म्हणजे अ‍ॅक्सलमधला खाली लोंबणारा गिअरचा गोळा, होता तिथेच राहतो. त्याला उचलतात ते टायरच. मूळच्या १९५/८० आर१५ जागी २१५/७५ आर१५ एटी (ऑल-टेरेन, सगळ्या रस्त्यांसाठीचे) घ्या. जमिनीपासूनची उंची जेमतेम ५ मिमी वाढेल, पण चिखलातली पकड पहिल्याच दिवशी कळेल. रोज डांबरीवर चालवणार असाल तर एमटी नकोच, पावसात घसरतात.

चिखलात टायरमधली हवा १८-२० पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप) उतरवा. परत भरायला छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवाच! लिफ्ट कराल तेव्हा पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) आणि कॅस्टर (पुढच्या चाकांच्या स्टिअरिंगचा कल) दुरुस्त करून घ्या, नाहीतर स्टिअरिंग भरकटतं.